कोमल गंधार आणि माझी तर्जनी

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं काय शिकावं, याची आपल्याकडे एक ठरलेली यादी असते. केक, चॉकलेट, संस्कारभारतीची रांगोळी, योगासनं, फार तर स्कूटी. यातल्या प्रत्येक गोष्टीचा घराला काही ना काही उपयोग असतो. गिटार मात्र या यादीत कुठंच बसत नाही. ती कॉलेजातल्या मुलांनी गॅदरिंगच्या आधी महिनाभर वाजवायची आणि मग कपाटावर ठेवून द्यायची, अशीच सर्वसाधारण समजूत.

आमच्याही घरात ती तशीच पडून होती. लेक पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली, नवी गिटार घेतली आणि जुनी इथंच राहिली. दर आठवड्याला तिच्यावरची धूळ पुसायचं काम माझं. एवीतेवी पुसतेच आहे, तर वाजवूनही बघू, असं म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी क्लासला नाव घातलं. माझ्या बॅचला आठवी-नववीची मुलं. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते मला 'काकू' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणते. दोघांचंही छान चाललंय.

पहिले चार-पाच महिने सुखाचे गेले. दोन बोटं ठेवली की ई मायनर, तीन ठेवली की ए मायनर. सोपी गाणी बऱ्यापैकी जमू लागली. आणि मग आली 'बार कॉर्ड'. मैत्रिणींनो, गिटार शिकणाऱ्या अनेकांची गाडी इथंच अडते. 'माझी बोटं लहान आहेत', 'माझ्या हातात जोर नाही' असं म्हणून गिटार पुन्हा कपाटावर जाते ती याच वळणावर. म्हणून आज त्या एकाच कॉर्डबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे. ज्यांनी गिटार कधी हातात धरली नाही, त्यांनीही वाचा. कारण गोष्ट शेवटी आपल्या गंधाराचीच आहे.

आधी मायनर म्हणजे काय?

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. घरात पेटी असेल तर आत्ताच करून बघा. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तीन पट्ट्या एकदम दाबा. पांढरी एकचा सा धरला तर हे झाले सा, शुद्ध ग आणि प. कसं मोकळं, उजळ वाटतं! ही मेजर कॉर्ड. आता पांढरी तीन सोडा आणि तिच्या शेजारची काळी दोन दाबा. सा तोच, प तोच, फक्त ग कोमल झाला. क्षणात सगळा रंगच बदलतो. संध्याकाळी दिवेलागणीला मनाला उगाच हुरहुर लागते ना, तसं काहीतरी होतं. ही मायनर कॉर्ड. फरक केवळ एका पट्टीचा.

आपल्याकडे भूप आणि यमन या रागांत शुद्ध गंधार आहे, भीमपलासात कोमल. त्यामुळे या दोन गंधारांची आपल्या कानाला लहानपणापासून सवय आहे. नवीन आहे ते इतकंच, की हे स्वर एकापाठोपाठ एक न येता एकदम येतात. आपल्या रागसंगीतात कॉर्ड नाहीत. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत त्या रुजल्या, यात गोव्यातून मुंबईला आलेल्या वादकांचा फार मोठा वाटा आहे. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले हे लोक स्टुडिओत वाद्यमेळ लिहून काढत. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. 'अमर अकबर अँथनी' या 1977 च्या चित्रपटात ज्या नावाचं गाणं आहे, ते अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं गुरूला केलेला तो नमस्कार. सांगायचं काय, तर आपण ज्या गाण्यांवर भाकऱ्या थापत मोठ्या झालो, त्यांच्या मागे कॉर्ड वाजतच होत्या. आपलं लक्ष शब्दांकडे आणि चालीकडे असायचं, एवढंच.

बोटाची पट्टी

आता बार कॉर्ड. गिटारला सहा तारा. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. सतारीला जसे पडदे, तशा गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी असते. सगळ्या तारा तिच्यावर टेकून पुढे येतात.

साध्या ई मायनरमध्ये पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबायची. बाकीच्या चार तारा मोकळ्या. या मोकळ्या तारांतली तिसरी तार हा त्या कॉर्डचा कोमल गंधार. म्हणजे तिथं कोमल गंधार फुकटात मिळतो, आपण काहीच करायचं नाही.

आता हीच आकृती एक घर पुढं सरकवली, की एफ मायनर होते. पण मोकळ्या तारांचं काय? त्यांनाही एक घर पुढं न्यायला हवं. मग ती हाडाची पट्टी तर सरकत नाही, तिचं काम आपल्या तर्जनीनं करायचं. तर्जनी आडवी करून पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर टेकवायची. अनामिका पाचव्या तारेवर, करंगळी चौथ्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर. झाली एफ मायनर. या आडव्या बोटाला 'बार' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, पण आपण 'आडणा' म्हटलं तरी चालेल. जुन्या वाड्यांच्या दाराला आतून आडवा अडसर लावायचे ना, तसंच.

वाचायला सोपं आहे. हातानं करायला गेलं, की सहातल्या दोन तारा वाजतात, दोन खरखरतात आणि दोन मुक्या होतात. मनगट भरून येतं, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. वर्गातली मुलं 'काकू, जोरात दाबा!' म्हणून धीर देतात. ज्या हातांनी वीस वर्षं चादरी पिळल्या, पाण्याच्या कळश्या उचलल्या, त्या हातांत जोर नाही असं कोण म्हणेल? जोर भरपूर होता. तार तरी वाजत नव्हती.

'अगं, गंधार कुठंय?'

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. गुडघे दुखायला लागल्यापासून मंडळात जाणं थांबलं आणि पेटी दिवाणाखाली गेली. माझ्या गिटारबद्दल त्या बरं-वाईट काहीच बोलल्या नव्हत्या. एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत एफ मायनरशी झटापट करत होते आणि त्या तांदूळ निवडत होत्या. ताटावरची नजर न उचलता म्हणाल्या, "अगं, सा लागतोय, पंचम लागतोय. गंधार कुठंय?"

मी एकेक तार सुटी छेडून पाहिली. सहावी वाजली. पाचवी, चौथी वाजली. दुसरी आणि पहिलीही थोडी कुरकुरून का होईना, वाजली. तिसरी मुकी.

मग त्यांनीच दिवाणाखालून पेटी काढायला लावली. भात्याचा आवाज जरा घरघरला, पण पेटी बोलली. पांढरी चारचा सा, काळी चारचा कोमल गंधार, वरच्या पांढरी एकचा पंचम. "हे असं यायला हवं," म्हणाल्या. मग काळी चार सोडून नुसते सा आणि प वाजवून दाखवले. "आणि तुझं हे असं येतंय. ना हसू, ना रडू. तंबोऱ्यासारखं."

किती नेमकं सांगितलं त्यांनी! दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांना विचारून मी कागदावर मांडणी केली. एफ मायनरच्या सहा तारांत सा येतो तीन वेळा : सहाव्या, चौथ्या आणि पहिल्या तारेवर. पंचम येतो दोन वेळा : पाचव्या आणि दुसऱ्या तारेवर. आणि कोमल गंधार येतो फक्त एकदा, तिसऱ्या तारेवर. मेजरला मायनर करणारा तो एकटा स्वर. बाकी पाच तारा कितीही खणखणीत वाजल्या तरी ही एक मुकी राहिली, तर कॉर्डला मायनर म्हणायचं कशाच्या आधारावर?

आणि गंमत बघा, माझ्या हाताला तीच तार सर्वांत अवघड. तर्जनी आपल्याला सरळ दिसते, पण ती काही पट्टीसारखी सपाट नाही. दोन पेरांच्या मध्ये घडी असते, तिथं बारीक खळगा असतो. माझ्या बोटाचा तो खळगा बरोबर तिसऱ्या तारेवर येत होता. तार त्या खळग्यात आरामात लपून बसायची. मेजर कॉर्डमध्ये ही तार मधलं बोट वेगळं दाबतं, त्यामुळे तर्जनीचा हा दोष झाकला जातो. मायनरमध्ये मधलं बोट उचललं जातं आणि सगळी भिस्त तर्जनीवर येते. कितीही जोर लावला तरी खळगा काही भरून येत नाही.

जोर नको, जागा हवी

मग उपाय काय? सरांनी शिकवलेलं आणि सरावातून हाताला पटलेलं इथं लिहिते. ज्यांच्या घरी गिटार पडून आहे, त्यांच्या कामी येईल.

पहिलं म्हणजे, तर्जनी दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून बघायची. खळगा तारेवरून हटला, की तार बोलायला लागते. प्रत्येकीच्या बोटाची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येकीची जागाही वेगळी. ती आपली आपणच शोधायची.

दुसरं, बोट पोटावर सपाट ठेवायचं नाही. किंचित कलतं करून अंगठ्याकडची कड टेकवायची. तिथं मांस कमी आणि हाड जवळ, त्यामुळे तार रुतत नाही.

तिसरं, बोट घराच्या मधोमध न ठेवता पुढच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून ठेवायचं. तिथं कमी दाबात स्वर साफ येतो.

चौथं, चिमट्यासारखा अंगठा आवळायचा नाही. अंगठा मानेच्या मागे, साधारण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर हलका ठेवायचा. कोपर अंगाजवळ घ्यायचं आणि हाताच्या वजनानं गिटार किंचित आपल्याकडे ओढायची. भाकरी थापताना बोटं नुसती दाबत नाहीत, खांद्यापासून हात चालतो, तसंच.

पाचवं, सुरुवात पहिल्या फ्रेटवर करायची नाही. वरच्या टोकाजवळ तार सर्वांत ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर हीच आकृती धरली तर ए मायनर होते आणि बोटांना बरीच सोपी जाते. तिथं जमली, की एकेक घर मागं यायचं.

आणि सहावं मला सर्वांत आवडलेलं. या कॉर्डमध्ये मधलं बोट रिकामं असतं. सुरुवातीच्या दिवसांत त्याला तर्जनीच्या पाठीवर ठेवायचं आणि दोघांनी मिळून दाबायचं. घरात एकीवर सगळा भार पडलेला असताना दुसरीनं हात लावावा, तसं. सवय झाली की ते आपोआप बाजूला होतं.

सराव एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. कॉर्ड धरायची, एकेक तार छेडून तपासायची, हात पूर्ण सोडायचा, पुन्हा धरायची. दिवसातून दोन-तीनदा. माझा सराव कुकरच्या शिट्ट्यांवर चालला. तीन शिट्ट्या होईपर्यंत एफ मायनर. तारा जाड वाटत असतील तर दुकानात 'एक्स्ट्रा लाइट' सेट मागा, हाताला बराच फरक पडतो. काही वेळा तारा मानेपासून फार उंच असतात, तर त्या दुरुस्त करणाऱ्याकडून खाली करून घेता येतात. दोष दरवेळी आपल्याच बोटांचा नसतो बरं का!

एक सावधगिरीही सांगते. बोटांच्या टोकांना सुरुवातीला हुळहुळणं आणि हळूहळू घट्टे पडणं, हे चालायचंच. पण मनगट दुखत असेल, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर सराव थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. मनगटातली शीर दबण्याचा हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. 'चालायचंच' म्हणून दुखणं अंगावर काढायची आपली सवय इथं नको.

मला जमायला सहा आठवडे लागले. आधी पाचव्या फ्रेटवर, मग तिसऱ्या, शेवटी पहिल्या. ज्या दिवशी एफ मायनर पहिल्यांदा पूर्ण वाजली, त्या दिवशी आतून सासूबाईंचा एकच शब्द आला, "लागला!" हल्ली दुपारी पेटी बाहेरच असते. त्या अभंग धरतात, मी मागे कॉर्ड शोधते. कधी जमतं, कधी त्या मान हलवतात आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. मंडळातल्या दोघी-तिघी आता गुरुवारी आमच्याकडे येतात. गुडघ्यांमुळे सासूबाईंना मंडळात जाता येत नव्हतं, तर मंडळच थोडंसं घरी आलंय.

आणि या एका आकृतीनं आणखी एक देणं दिलं. तीच आकृती पहिल्या फ्रेटवर एफ मायनर, तिसऱ्यावर जी मायनर, पाचव्यावर ए मायनर, सातव्यावर बी मायनर, आठव्यावर सी मायनर. एक कॉर्ड शिकली, की बाराही स्वरांच्या मायनर हाताशी येतात. गाणारीचा सूर काळी चार असो की पांढरी चार, हात फक्त सरकवायचा.

भांडी घासणारे हात

'या वयात?' असं ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी एका बाईची गोष्ट. एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली कृष्णवर्णीय बाई. लहानपणी भावाच्या बँजोवर आणि मग स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या गिटारवर आपली आपण शिकली. ती डावखुरी, म्हणून उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायची. लग्न झालं, मूल झालं, गिटार सुटली. पुढची कित्येक दशकं तिनं लोकांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक केला. सीगर नावाच्या एका संगीतवेड्या कुटुंबाकडे ती कामाला लागली आणि त्यांच्या घरातली भिंतीवरची गिटार पाहून साठीच्या घरात तिचे हात पुन्हा तारांवर आले. 1958 मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाली. 1985 मध्ये, नव्वदीच्या घरात, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपण काही पुरस्कारासाठी वाजवत नाही. पण भांडी घासणाऱ्या हातांत सूर इतकी वर्षं शाबूत राहू शकतो, हे कळलं की धीर येतो.

एकेक तार छेडून

मी बचत गटांचं काम गेली अठरा वर्षं करते. बैठकीत दहा-बारा जणी गोल बसतो. तीन-चार जणी भरपूर बोलतात, बाकीच्या माना डोलावतात आणि ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतो. ऐकायला बैठक भरलेली वाटते. पण आम्ही ठरवलंय, की ठराव लिहिण्याआधी प्रत्येकीला नावानं विचारायचं. घाई करायची नाही, तिच्या वतीनं शेजारणीनं बोलायचं नाही. गेल्या वर्षी असंच विचारत गेलो, तर कोपऱ्यातली एक जण खूप वेळानं म्हणाली, "कर्ज माझ्या नावावर आहे, पण पैसे मी बघितलेच नाहीत." सह्या तिच्या, हप्ते तिचे, पैसे मात्र दिरानं परस्पर उचललेले. त्या एका वाक्यानं सगळ्या बैठकीचा रंग बदलला. त्या दिवशीचा ठराव बाजूला ठेवून आम्ही आधी नियम केला, की कर्जाची रक्कम थेट तिच्याच खात्यात जाईल आणि कशासाठी हवी ते ती स्वतः बैठकीत सांगेल.

हे मला गिटारनं शिकवलं असं मी म्हणणार नाही. बाईचं बोलणं ऐकायला वेळ द्यावा लागतो, हे या कामात पहिल्या वर्षीच कळतं. पण एफ मायनर धरून तिसरी तार छेडताना मला ती कोपऱ्यातली जागा आठवते, हे मात्र खरं. पाच तारांच्या गलक्यात तिचा आवाज ऐकू येत नाही. ती वाजत नाहीये, हे कळायला एकेक तार सुटी छेडावी लागते आणि शेजारी बसून 'गंधार कुठंय?' असं विचारणारं कुणीतरी लागतं.

तर मैत्रिणींनो, मुलांनी मागे ठेवलेली गिटार, सासूबाईंची पेटी, माहेरून आणलेली सतार, जे काही घरात धूळ खात असेल ते बाहेर काढा. सूर जुळवून घ्या. गिटार असेल तर पाचव्या फ्रेटवर तर्जनी आडवी टेकवा, अनामिका आणि करंगळी सातव्यावर ठेवा आणि एकेक तार छेडा. पहिल्या दिवशी वाजणार नाही. आठवडाभरानंही कदाचित वाजणार नाही. जोर वाढवू नका. बोट जरासं सरकवा आणि पुन्हा छेडा.